हाताने सुरी घडवताना घासण्यात झालेल्या चुका कशा सुधाराव्यात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात ज्यांनी हाताने सुरी घडवायला नुकतीच सुरुवात केली आहे, त्यांचे बहुतेक प्रश्न एकाच टप्प्यावरचे असतात. पट्टी कापून झालेली असते, आकार जमलेला असतो, आणि पाठीपासून धारेपर्यंतचा उतार घासताना काहीतरी बिघडते. खालील उत्तरे घरच्या वापराच्या सुरीला धरून लिहिली आहेत आणि एवढ्याच साधनांचा विचार करतात : चार इंची ग्राइंडर, कानस, एमरी पेपर आणि व्हर्निअर.

चूक झाली असे वाटताच सर्वांत आधी काय करावे?

यंत्र बंद करावे. पात्यावर खड्डा दिसला की तो तिथल्या तिथे घासून नाहीसा करण्याची ओढ अनावर होते, आणि त्या ओढीतच पाव मिलिमीटरची चूक एक मिलिमीटरची होऊन बसते. पाते पाण्यात बुडवून थंड करावे, कोरडे पुसावे आणि खिडकीजवळ किंवा एकाच ट्यूबलाइटखाली असे धरावे की प्रकाश त्याच्यावरून तिरपा सरकेल. समोरून पडणाऱ्या प्रकाशात सगळे पाते सारखेच चकचकीत दिसते. तिरप्या प्रकाशात मात्र उंचवट्याची कड उजळते आणि खोलगट भाग काळपट पट्ट्यासारखा उठून दिसतो.

त्यानंतर संपूर्ण उतारावर काळ्या मार्करने रंग द्यावा आणि सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला १२० नंबरचा एमरी पेपर दोन-तीन वेळा हलक्या हाताने फिरवावा. जिथला रंग गेला तो भाग उंच आहे आणि जिथला राहिला तो खोल आहे. शेवटी मुठीजवळ, मध्यावर आणि टोकाजवळ अशा तीन ठिकाणी पाठीची व धारेची जाडी व्हर्निअरने मोजावी आणि ते आकडे पात्यावरच लिहून ठेवावेत. गेलेला धातू परत चढवता येत नाही. म्हणून पुढची प्रत्येक दुरुस्ती म्हणजे उरलेले पाते त्या सर्वांत खोल जागेच्या पातळीला आणणे एवढीच असते, आणि त्यासाठी किती धातू शिल्लक आहे हे आधी कळल्याशिवाय कानस उचलण्यात अर्थ नाही.

उतारावर खोल खड्डा पडला आहे. तो वेल्डिंगने भरून घेता येईल का?

भरून घेऊ नये. नेहमीच्या वेल्डिंग रॉडचा धातू मऊ असतो, तो पात्याच्या पोलादासारखा कडक होत नाही. शिवाय वेल्डच्या आजूबाजूचा पट्टा वेगाने तापून वेगाने थंड झाल्यामुळे ठिसूळ होतो आणि पुढे पाते कडक करण्यासाठी तापवून तेलात विझवताना तिथेच भेग जाते. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत उत्तम वेल्डर मिळतील, पण हा प्रश्न वेल्डरच्या हाताचा नसून धातूचा आहे.

खड्डा कुठे आहे यावर उपाय अवलंबून असतो. तो मुठीखाली झाकल्या जाणाऱ्या भागात असेल तर तसाच राहू द्यावा. खडबडीत पृष्ठभागावर मुठीचा आराल्डाइट उलट अधिक चांगला धरतो. मात्र मुठीच्या कडेवर फट दिसणार नाही एवढे पाहावे. तो पाठीजवळ असेल तर उतार थेट पाठीपर्यंत चढवावा, म्हणजे खड्ड्यासकट वरचा सपाट पट्टाच निघून जातो. तो धारेजवळ असेल तर मात्र थोडा हिशेब करावा लागतो. समजा, पाठ ४ मिमी जाड आहे, पाते ४० मिमी रुंद आहे आणि उतार पाठीपासून सरळ धारेपर्यंत जाऊन तिथे जाडी जवळजवळ शून्य झाली आहे. म्हणजे दर १० मिमी रुंदीला १ मिमी जाडी बदलते. धारेला पुन्हा अर्धा मिलिमीटर जाडी हवी असेल, तर धार ५ मिमी वर घ्यावी लागेल आणि ४० मिमीची सुरी ३५ मिमीची होईल. स्वयंपाकघरातल्या सुरीला हे बहुतेक वेळा परवडते, पण बोटे ओट्याला लागणार नाहीत एवढी जागा मुठीखाली उरते की नाही, हे आधी तपासावे.

मुठीजवळ उतार जिथे सुरू होतो, ती रेषा दोन्ही बाजूंना समोरासमोर येत नाही. काय करावे?

ही सर्वांत जास्त विचारली जाणारी अडचण आहे, आणि तिचे कारण हाताच्या सवयीत आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्याला पात्याची एक बाजू घासताना मूठ उजवीकडे येते आणि दुसरी बाजू घासताना डावीकडे. त्यामुळे डावा हात जिथे थांबतो तिथे उजवा थांबत नाही. यावर खात्रीचा उपाय म्हणजे कानशीला अडवणारी पट्टी. पोलादाच्या दोन सरळ पट्ट्या कडक करून घ्याव्यात, त्या पात्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकींसमोर ठेवाव्यात, पाठीवर गुण्या लावून काटकोन तपासावा आणि सी-क्लॅम्पने आवळाव्यात. कानस त्या कडक पट्टीवर घसरते, तिला कापत नाही, आणि त्यामुळे दोन्ही रेषा आपोआप एकाच ठिकाणी थांबतात.

दुरुस्ती करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : दोन रेषांपैकी जी मुठीच्या जास्त जवळ गेली आहे, तीच आता प्रमाण आहे. तिला पुढे आणता येत नाही, म्हणून दुसरीलाच मागे न्यावे लागते. पट्ट्या मागे गेलेल्या रेषेवर लावाव्यात आणि दुसऱ्या बाजूने थोडेथोडे घासत तिथवर पोहोचावे. घाई केल्यास दुसरी बाजू पहिलीच्याही मागे जाते आणि मग पहिलीला तिच्या मागे न्यावे लागते. या पाठशिवणीत कित्येक चांगली पाती वाया गेली आहेत.

या कोपऱ्यात कानशीची टोकदार कड वापरू नये. आतला कोपरा अगदी काटकोनी राहिला तर पाते तापवून विझवताना सगळा ताण त्याच रेषेवर येतो आणि तिथे भेग पडण्याचा धोका वाढतो. गोल कानशीने दीड-दोन मिलिमीटर त्रिज्येची गोलाई ठेवावी. ती दिसायलाही चांगली वाटते आणि पॉलिश करताना पेपर तिथे नीट बसतो.

धार मध्यभागी न राहता एका बाजूला सरकली आहे. ती परत मधोमध कशी आणावी?

आधी मध्य ठरवावा. पट्टीच्या जाडीएवढाच ड्रिल बिट घ्यावा, म्हणजे ४ मिमी पट्टीला ४ मिमीचा. दोन्ही एकाच काचेवर आडवे ठेवावेत आणि बिटाचे टोक पात्याच्या कडेवरून ओढावे. टोक बरोबर निम्म्या उंचीवर असल्यामुळे कडेच्या मधोमध रेघ उमटते. नंतर पाते उलटे करून पुन्हा ओढावे. दोन रेघा एकमेकींवर पडल्या तर उत्तम, नाही पडल्या तर खरा मध्य त्या दोघींच्या मधे आहे. हे काम उतार घासण्याआधीच करायला हवे होते हे खरे, परंतु कडेवर एक मिलिमीटर जाडी शिल्लक असेल तर नंतरही करता येते.

धार ज्या बाजूला झुकली आहे, त्याच बाजूने घासावे. हे पुष्कळांना उलटे वाटते. डावीकडून जास्त धातू गेला म्हणून धार उजवीकडे सरकलेली असते. आता उजवीकडून घासले म्हणजे ती मध्याकडे परत येते. असे करता करता धार मध्यावर पोहोचण्याआधीच कागदासारखी पातळ होत असेल, तर तिथेच थांबावे, कानस उभी धरून धार सरळ वर घ्यावी, नव्या कडेवर पुन्हा मध्याची रेघ ओढावी आणि मगच दोन्ही बाजूंना हात लावावा. पाते पूर्ण झाल्यावर धार एका केसाने इकडेतिकडे असेल तर वापरात काही फरक पडत नाही. मात्र धार पात्याच्या लांबीत आधी डावीकडे आणि मग उजवीकडे जात असेल, तर सुरी कांदा कापताना वाकडी उतरते आणि अशी धार दगडावरही नीट लागत नाही.

उताराची वरची रेघ नागमोडी झाली आहे.

ग्राइंडरची फ्लॅप डिस्क (एमरीच्या पाकळ्यांची चकती) पात्यावर एका जागी क्षणभर जास्त थांबली की रेघ तिथे वर चढते. शंभर मिलिमीटरच्या डिस्कचे यंत्र मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे घेते, त्यामुळे हा क्षणही पुरेसा असतो. ही चूक पुन्हा ग्राइंडरने सुधारण्याचा प्रयत्न करू नये, असे माझे ठाम मत आहे. इथे कानसच हवी.

पाते लाकडी फळीवर क्लॅम्पने पक्के करावे. दहा किंवा बारा इंची सपाट कानस दोन्ही हातांनी आडवी धरावी, तिची दोन्ही टोके पात्याच्या बाहेर राहू द्यावीत आणि ती पात्याच्या लांबीच्या दिशेने स्वतःकडे ओढावी. कानशीच्या दातांत आधी शाळेचा साधा खडू घासून घ्यावा, म्हणजे लोखंडाचे कण दातांत अडकत नाहीत. कण अडकला की तो पात्यावर खोल ओरखडा काढतो, आणि हा ओरखडा नंतर दीड तास पेपर घासूनही जात नाही. दर आठ-दहा फटक्यांनंतर कानस तारेच्या ब्रशने झाडावी. कानस नीट चालत असेल तर आवाज एकसारखा येतो आणि बारीक, वळलेला कीस पडतो. आवाज किरकिरला किंवा कीस पिठासारखा पडू लागला, तर ती घसरते आहे असे समजावे. सुरुवातीला कानस फक्त उंचवट्यांवर लागते. मार्करचा रंग पाहत राहिले म्हणजे ते खाली येताना आणि नागमोडी रेघ हळूहळू सरळ होताना दिसते.

रेघ सरळ होईपर्यंत ती पाठीच्या जवळ पोहोचली, तर ती पाठीतच मिळवून टाकावी. रेघच नसलेला, पाठीपासून धारेपर्यंतचा सपाट उतार भाजी कापायला सर्वांत सोयीचा असतो.

कानस पात्यावर घसरते, घासतच नाही. कानस खराब आहे का?

कानस बहुधा ठीकच असते, पोलाद कडक असते. पुणे–हैदराबाद महामार्ग सोलापुरातून जातो, त्यामुळे भंगारात ट्रकचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, सहज मिळतात आणि बहुतेकजण तिथूनच सुरुवात करतात. पाटा कारखान्यातूनच कडक होऊन आलेला असतो, म्हणून तो आधी मऊ करून घ्यावा लागतो. चुंबक चिकटेनासा होईपर्यंत, म्हणजे साधारण ७७० अंश सेल्सिअसपर्यंत, आणि त्याहून किंचित जास्त तापवून तो कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरावा आणि रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी कानस लोण्यासारखी चालते.

वापरलेल्या पाट्यात वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांमुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. पट्टी कापण्याआधी वरचा गंज घासून काढावा, रॉकेल लावून पुसावे आणि खडूची पूड भुरभुरावी. भेग असेल तर आत शिरलेले रॉकेल खडूत पाझरून बारीक ओली रेघ उमटते. अशी पट्टी सुरीसाठी घेऊ नये.

घासताना पात्यावर निळा डाग पडला. सुरी बिघडली का?

पात्याला पाणी देण्याआधी, म्हणजे ते तापवून तेलात विझवण्याआधी, डाग पडला असेल तर पाट्याच्या पोलादात काळजीचे कारण नाही. पुढे पाते त्याहून कितीतरी जास्त तापणारच आहे.

पाणी देऊन झाल्यावर पडला असेल तर प्रकरण वेगळे आहे. घरच्या सुरीचे टेंपरिंग, म्हणजे विझवलेल्या पात्याचा ठिसूळपणा कमी करण्यासाठी ते पुन्हा बेताने तापवणे, साधारण २०० अंशांवर करतात आणि त्या वेळी पात्यावर फिकट पिवळा रंग येतो. त्यापुढे तापमान वाढत गेले की तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा रंग दिसतो. निळा झालेला भाग मऊ झालेला असतो. रंग पॉलिशने निघून जातो, गेलेला कडकपणा परत येत नाही. डाग धारेवर दोन-तीन मिलिमीटरचाच असेल तर धार त्याच्या थोडी पलीकडेपर्यंत वर घेता येते. डाग लांबवर पसरला असेल किंवा टोकाचा मोठा भाग निळा झाला असेल, तर पाते पुन्हा तापवून विझवण्याला आणि पुन्हा टेंपर करण्याला पर्याय नाही, आणि तसे करण्याआधी धारेची जाडी पुरेशी आहे का ते पाहावे लागते.

मे महिन्यात सोलापुरात गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देते, म्हणून बादलीत बर्फ टाकावा का, असे विचारले जाते. गरज नाही. पाणी कोमट असले तरी चालते; फरक पडतो तो किती वेळा बुडवले याने. कडक पाते उघड्या बोटांनी धरावे, प्रत्येक फटक्यानंतर बुडवावे, आणि पात्यावरचे पाणी सुकू लागले की घासणे थांबवावे. पात्यावरच्या थेंबातून वाफ निघू लागली म्हणजे शंभर अंश झालेच, आणि पातळ धारेला तिथून दोनशेवर जायला फार वेळ लागत नाही.

टोक फारच पातळ झाले आहे.

टोकाकडे पाते अरुंद होते, तरीही हात तेवढाच जोर देतो, म्हणून तिथे धातू लवकर जातो. ही चूक धारेकडून सुधारू नये. पाठीकडून घासावे : पाठीची रेषा टोकाकडे हलकी उतरती करत न्यावी, म्हणजे टोक थोडे मागे आणि जाड भागात येते. सुरी पाच-सात मिलिमीटरने आखूड होते, आकार मात्र बहुधा आधीपेक्षा सुबक दिसतो.

पाणी दिल्यावर पाते वाकले. वाकलेली बाजू घासून सरळ करावी का?

घासून सरळ केलेले पाते दिसायला सरळ असते, पण त्याच्या एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ भाग राहतो आणि धार पुन्हा मध्य सोडते. वाकण्याचे मूळही बहुतेक वेळा घासण्यातच असते. एका बाजूने जास्त धातू गेलेला असतो किंवा धार विझवण्याआधीच फार पातळ केलेली असते. हाताने काम करणाऱ्याने विझवण्याआधी धारेला ०.८ ते १ मिमी जाडी ठेवावी. उरलेले काम नंतर सावकाश करावे.

वाकलेले पाते थंड झाल्यावर हातोडीने ठोकू नये, ते काचेसारखे तुटते. टेंपरिंगच्या वेळीच त्याला सरळ करावे. जाड अँगलवर पाते ठेवावे, बाक ज्या बाजूला आहे त्याच्या उलट दिशेला किंचित जास्त वाकेल अशा बेताने मध्ये एक नाणे ठेवून दोन्ही टोके क्लॅम्पने हळूहळू आवळावीत आणि २०० अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास ठेवावे. एका खेपेत पूर्ण बाक निघाला नाही तर नाण्याची जाडी वाढवून दुसऱ्या टेंपरिंगला पुन्हा करावे. विझवताना बारीक ‘टिंग’ असा आवाज आला असेल, तर मात्र आधी भेग शोधावी. भेग गेलेले पाते सरळ करण्यात वेळ घालवू नये.

चारशे नंबरपर्यंत पॉलिश केले तरी जुने ओरखडे मधूनच दिसतात.

ते ओरखडे चारशेने काढायचे नव्हतेच, ते साठ किंवा ऐंशी नंबरचे आहेत आणि मधल्या पेपरांनी ते गेले नाहीत. प्रत्येक नंबरला दिशा बदलावी. १२० ने पात्याच्या आडव्या दिशेने घासले असेल तर २२० ने लांबीच्या दिशेने घासावे आणि एकही आडवा ओरखडा दिसेनासा होईपर्यंत पुढच्या नंबरला हात लावू नये. पेपरमागे लाकडाचा किंवा लोखंडाचा कडक ठोकळा असावा. नुसत्या बोटांनी घासल्यास कडा गोल होतात आणि खड्डे तसेच राहतात. पेपर बोथट झाला की बदलावा. पेपर वाचवण्यात वेळ फार जातो आणि हाती काही लागत नाही. हे काम २२० पर्यंत विझवण्याआधीच उरकावे, कारण कडक झालेल्या पोलादावर तेच ओरखडे काढायला कितीतरी पट मेहनत पडते.

घरातच ग्राइंडर चालवला तर चालेल का?

सोलापूरच्या पूर्व भागात अनेक घरांत एका खोलीत यंत्रमाग असतो. जिथे चादरी किंवा टॉवेल विणले जातात त्या खोलीत, किंवा तिला लागून असलेल्या पडवीत, ग्राइंडर अजिबात चालवू नये. छतावर, तुळईवर आणि मागाखाली साचलेले कापसाचे तंतू ठिणगीने पेट घेतात आणि आग आधी आतल्या आत धुमसते, लगेच दिसत नाही. काम मोकळ्या अंगणात करावे, चश्मा व मास्क लावावा, आणि सैल बाह्या किंवा उपरणे अंगावर ठेवू नये.

खुरपे, विळा आणि कोयता यांनाही हेच नियम लागू होतात का?

मोजण्याचे, रंग लावण्याचे आणि थंड करण्याचे नियम तेच. आकडे वेगळे. उसाच्या कोयत्याला आणि खुरप्याला धार जाडच हवी. ऊस तोडताना आणि मातीतल्या खड्यांवर पातळ धार तुकड्यांनी उडते. एकाच बाजूने उतार असलेल्या अवजारात धार मध्यावर आणण्याचा प्रश्नच येत नाही, तिथे मागची बाजू सपाट राहिली की नाही एवढेच काटेकोरपणे पाहावे.

दुरुस्त केलेले पाते खरोखर ठीक झाले आहे हे मूठ बसवण्याआधी कसे ओळखावे?

पात्याला धार लावून घ्यावी. सहा मिलिमीटरची पितळी सळई व्हाइसमध्ये आडवी धरावी, धार तिच्यावर नेहमी धार लावतो त्या कोनात टेकवावी आणि हलका दाब देत मुठीपासून टोकापर्यंत सरकवावी. मागून दिवा असेल तर सळईवर टेकलेल्या जागी धार किंचित वाकलेली दिसते आणि पुढे सरकताच परत सरळ होते. एखाद्या जागी ती वाकलेलीच राहिली, तर तो भाग मऊ आहे, बहुधा तिथेच घासताना निळा रंग आला होता. तिथे धार आणखी थोडी वर घेऊन पुन्हा पाहावे. सगळीकडेच वाकून राहत असेल तर पाणी पुन्हा द्यावे लागेल. बारीक तुकडा उडाला तर पाते गरजेपेक्षा कडक राहिले आहे. ते ओव्हनमध्ये १० ते १५ अंश जास्त तापमानावर आणखी दोन तास टेंपर करावे आणि तुकडा उडालेली कड घासून काढून हीच चाचणी पुन्हा घ्यावी.